बिनपायांचा घोडा

त्याला पाय नाहीत. पोटही नाही, पोटाच्या जागी एक माणूस उभा राहील एवढी पोकळी आहे. डोकं आणि मान लाकडाची, कोरून रंगवलेली. कान टवकारलेले, डोळे रुंद उघडे, तोंडात लगाम. मानेच्या मागे बांबूचा सांगाडा, त्यावर रंगीत कापड, कापडावर फुलांच्या माळा. हा अर्धा घोडा जमिनीवर नुसता ठेवला तर घोडा वाटतच नाही. एक कोरीव डोकं आणि कापड चढवलेल्या कामट्या, एवढंच दिसतं. मग कुणीतरी त्या पोकळीत शिरतो, सांगाडा कमरेला आवळतो, लगाम एका हातात धरतो आणि दोन पावलं टाकतो. तेवढ्यात त्याला पाय फुटतात. उसने पाय. जन्मभर तो उसन्याच पायांवर नाचत आला आहे.

घोडेमोडणी या नाचाचा हा घोडा उत्तर गोव्यातल्या पेडणे, डिचोली आणि सत्तरी या तालुक्यांचा. त्याचा महिना फाल्गुन, शिगमो या सणाचा. बारदेस, तिसवाडी, सासष्टी या जुन्या काबिजादींत, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या मुलखांत, धाकटो शिगमो पुनवेला आटोपतो. इकडे नव्या काबिजादींत व्हडलो शिगमो त्याच पुनवेला सुरू होतो. हे तालुके पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले ते १७८०च्या दशकात, म्हणजे सोळाव्या शतकातल्या देवळं पाडण्याच्या लाटेनंतर दोनशेहून अधिक वर्षांनी. त्यामुळे इथले मांड, म्हणजे सण साजरा करायच्या गावच्या पवित्र जागा, जागेवर राहिले, मांडावरचं नमन राहिलं, मानकऱ्यांचे क्रम राहिले, आणि हा घोडाही राहिला. वर्षातले बाकीचे महिने तो अंधारात काढतो. बाहेर येतो तेव्हा काजूची बोंडं पिकलेली असतात, डोंगरउतारांवर त्यांचा आंबूस वास पसरलेला असतो आणि दुपारी रस्ता तापलेला असतो.

स्वभावाने तो लढाऊ आहे. त्याच्यावर बसणारा अंगरखा घालतो, डोक्याला पगडी किंवा फेटा बांधतो, पायांत घुंगरू चढवतो आणि हातात उपसलेली तलवार धरतो. रणात जिंकून परतणाऱ्या घोडेस्वारांची ही मिरवणूक, असं लोक सांगतात. सत्तरीत तिचं नातं राणे घराण्याच्या पराक्रमाशी जोडलं जातं. दीपाजी राण्यांनी १८५२ साली नाणूसचा किल्ला घेतला त्याची आठवण अजून ताजी असलेला हा मुलूख आहे. मोडणीला गाणं नसतं. ढोल, ताशे आणि कासाळे (झांजा), एवढ्यावरच सगळं चालतं. बोलायचं ते पावलांनी.

पण या घोड्याचं खरं वेगळेपण त्याच्या रूपात नाही, इतिहासातही नाही. ते आहे माणसाच्या अंगाची तो जी वाटणी करतो तिच्यात. कमरेच्या वर स्वार, कमरेच्या खाली घोडा. वरच्या अर्ध्याने ताठ बसायचं, नजर समोर ठेवायची, तलवार डौलात फिरवायची. जणू पाय रिकिबीत आहेत आणि धावण्याचे कष्ट दुसरंच कुणी घेत आहे. खालच्या अर्ध्याने तेच कष्ट घ्यायचे. उसळायचं, मागे सरायचं, पुन्हा पुढे झेपावायचं, टाप आपटायची. खालची उसळी वर जाऊ दिली तर स्वार डळमळतो. वरचा ताठपणा खाली उतरू दिला तर घोडा मरतो. दोघांची हद्द कमरेवर, आणि घोडा बांधलेला असतो नेमका तिथेच.

शिवाय तो हट्टी आहे. त्याचं डोकं माणसाच्या पोटापासून बरंच पुढे आलेलं, त्यामुळे वजन सतत पुढे ओढतं आणि पाठीला थोडं मागे रेलून ते तोलावं लागतं. वळताना हा हट्ट जास्त जाणवतो. लांब टोकाला वजन असलेली कोणतीही वस्तू वळायला उशीर करते, आणि एकदा वळू लागली की थांबायलाही उशीर करते. पाय वळले तरी घोड्याची मान अजून मागच्या दिशेला असते. पाय थांबले तरी ती पुढे जात राहते. म्हणून ढोलाच्या ठोक्यावर वळायचं असेल तर ठोक्याच्या आधी कमरेतून सुरुवात करावी लागते, आणि थांबायचं असेल तर थांबण्याच्या आधीच लगाम आवरता घ्यावा लागतो. हे कुणी समजावून सांगितलं तरी पहिल्यांदा जमत नाही. घोडा डाव्या बाजूला खेचतो, कामटी बरगडीत रुतते, ताल हुकतो. चार-दोन रात्री अशा गेल्या की कंबर आपोआप आधी निघू लागते. विचारलं तर नाचणारा तरुण म्हणेल, ‘बांध म्हणजे कळेल.’

या शिकवणीतली सगळ्यात विलक्षण गोष्ट अशी की शिकणाऱ्याला स्वतःचं काहीच दिसत नाही. खाली पाहिलं तर कापड. घोड्याचे पाय म्हणजे आपलेच पाय, पण ते सांगाड्याखाली गेलेले. समोर पाहिलं तर घोड्याची मान मागून दिसते. त्याचा चेहरा, ज्याच्यासाठी सगळं गाव जमलेलं, तो एकट्या स्वारालाच दिसत नाही. आपली झेप गावाला कशी दिसते, हे त्याला डोळ्यांनी कधीच ठाऊक नसतं. ठाऊक असतं ते पोटऱ्यांना, कमरेला, घुंगरांच्या आवाजाला.

आणि तरीही, पुढच्या वर्षी घोडा दुसऱ्याच्या कमरेला गेला आणि हा मांडाच्या कडेला उभा राहिला, की त्याचे डोळे बदललेले असतात.

मांडाभोवती उभ्या असलेल्या माणसांकडे नीट पाहिलं तर ही गोष्ट उघड दिसते. ज्यांनी घोडा कधी बांधला नाही ते तलवारीकडे पाहतात, फुलांकडे, रंगवलेल्या डोळ्यांकडे. ज्यांनी बांधला आहे ते नाचणाऱ्याच्या कमरेकडे पाहतात. साठी ओलांडलेला कुणी हाताची घडी घालून स्तब्ध उभा असतो, पण घोडा वळायच्या आधीच त्याचा खांदा किंचित वळलेला असतो. मध्येच तो ‘अरे, सांभाळ!’ म्हणतो, आणि बाकीच्यांना कळत नाही की बिघडलं काय. एक-दोन ठोक्यांनी घोडा खरोखरच डगमगतो. म्हाताऱ्याने भविष्य सांगितलेलं नसतं. कंबर उशिरा निघाली हे त्याच्या कमरेला लागलेलं असतं.

या अनुभवाला आता प्रयोगशाळेचीही साक्ष आहे. लंडनमध्ये बेआत्रिस काल्वो-मेरिनो आणि सहकाऱ्यांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बॅले नर्तक, कापोएरा हा ब्राझीलचा युद्धनाच करणारे खेळाडू आणि कधीच न नाचलेली माणसं, अशा तिन्ही गटांना मेंदूची प्रतिमा टिपणाऱ्या यंत्रात झोपवून त्यांनी दोन्ही नाचांच्या चित्रफिती दाखवल्या. सगळे नुसते पडून होते, हलत कुणीच नव्हतं. तरीही बॅलेवाल्यांच्या मेंदूतले हालचालींची आखणी करणारे भाग बॅले पाहताना अधिक जागे झाले, कापोएरावाल्यांचे कापोएरा पाहताना. न नाचणाऱ्यांच्या मेंदूने दोन नाचांत असा भेद केला नाही. आपण जे करू शकतो ते पाहताना आपण आतल्या आत ते थोडं करतही असतो.

यावर कुणीही म्हणेल की नर्तक आपला नाच रोज पाहतात, म्हणून त्यांना तो अधिक कळतो. अंगाचा त्यात काय संबंध? रोममध्ये साल्वातोरे अल्योती यांच्या गटाने २००८ साली बास्केटबॉल घेऊन या शंकेला हात घातला. खेळाडू एका बाजूला; दुसऱ्या बाजूला प्रशिक्षक आणि क्रीडापत्रकार, ज्यांचा जन्म बास्केटबॉल पाहण्यात गेला आहे; तिसरीकडे नवखे. फेकीची चित्रफीत मध्येच थांबवायची आणि विचारायचं, चेंडू जाळ्यात जाणार की नाही? खेळाडूंचा अंदाज सर्वांत आधी आणि सर्वांत बरोबर आला. चेंडू हातातून सुटायच्या आधीच, फेकणाऱ्याच्या अंगाच्या हालचालीवरून ते ओळखत होते. पाहण्यात तितकेच मुरलेले बाकीचे चेंडूच्या वाटेवर डोळे लावून होते. मांडाच्या कडेचा म्हातारा आणि शहरातून दरवर्षी हौसेने येणारा रसिक यांच्यातला फरक हाच आहे. दोघांनीही मोडणी पुष्कळदा पाहिलेली असते, पण एकाला ठोका पडल्यावर कळतं आणि दुसऱ्याला ठोक्याआधी.

आता कापडाखाली झाकलेल्या पावलांकडे. जर्मनीतल्या ट्युबिंगेनमध्ये आंतोनिनो कासिले आणि मार्टिन गीझे यांनी २००६ साली जे दाखवलं ते या घोड्याला तंतोतंत लागू पडतं. त्यांनी माणसांचे डोळे बांधले आणि हात हलवण्याची एक अनोळखी लय शिकवली. नेहमीच्या चालण्यात हात-पाय ज्या मेळाने हलतात त्याहून ती वेगळी होती. शिकताना काहीही दिसत नव्हतं; तोंडी सूचना आणि हाताला धरून दिलेलं वळण, एवढंच. नंतर डोळे सोडून पडद्यावर ठिपक्यांनी काढलेल्या हालचाली दाखवल्या, तेव्हा शिकलेली लय त्यांना पूर्वीपेक्षा चांगली ओळखता येऊ लागली. ज्याला ती लय अंगात अधिक नेमकी जमली होती त्याची ओळखही अधिक नेमकी होती. म्हणजे डोळ्यांना शिकवण्यासाठी डोळ्यांतूनच जावं लागतं असं नाही. घोड्याने हे फार पूर्वीपासून केलेलं आहे. स्वतःचे पाय झाकून टाकून तो दुसऱ्याचे पाय पाहायला शिकवतो.

मेंदूच्या या गोष्टी सांगताना एक पथ्य पाळायला हवं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला इटलीतल्या पार्मा इथे जाकोमो रिझोलात्ती यांच्या गटाला माकडांच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या, की माकडाने स्वतः वस्तू उचलली तरी त्या चेतत आणि दुसऱ्याला उचलताना पाहिलं तरी चेतत. या आरसापेशींवर पुढे माणसाची भाषा, करुणा, संस्कृती, सगळ्यांचाच भार टाकला गेला. ग्रेगरी हिकॉक यांच्यासारख्या अभ्यासकांनी २०१४ साली पुस्तक लिहून त्या अतिशयोक्तीला हरकत घेतली, आणि ती रास्त आहे. लकवा झालेला माणूसही चालणं ओळखतो. कधी न उडालेले आपण घारीची झेप ओळखतो. केल्याशिवाय काहीच कळत नाही, असं कुणी म्हणू नये. म्हणायचं ते एवढंच, की केल्याने पाहणं धारदार होतं, आणि ती धार दुसऱ्या कोणत्याही मार्गाने तशीच येत नाही.

या घोड्याच्या स्वभावात एक भेदभावही आहे, तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. परंपरेने तो पुरुषांच्याच कमरेला बसला. बायकांनी त्याला पिढ्यान् पिढ्या पाहिलं, ओवाळलं, पण बांधलं नाही. काल्वो-मेरिनो यांचा २००६ सालचा पुढचा प्रयोग मला इथे आठवतो. बॅलेत काही हालचाली फक्त पुरुष करतात, काही फक्त बायका. सराव मात्र एकत्र होतो, म्हणून दोघांनाही दोन्ही प्रकार सारखेच पाहायला मिळतात. तरीही ज्या हालचाली स्वतःच्या अंगाने केलेल्या होत्या, त्या पाहतानाच प्रत्येकाच्या मेंदूतले हालचालींचे भाग अधिक चेतले. नुसत्या सवयीने पाहणं आणि अंगाने ओळखणं वेगळं, हे याहून स्वच्छ कुठे दिसावं?

पण मांडाच्या कडेला उभ्या असलेल्या बायकांचं अंगही कोरं नसतं. पौषातल्या रात्री त्यांनी धालो हा बायकांचा नाच घातलेला असतो. समोरासमोर दोन रांगा, एकमेकींच्या कमरेला हात, एकीने पुढे जाऊन वाकायचं तर सगळ्यांनी वाकायचं. त्या अंगाला रांग कळते. मला वाटतं, म्हणूनच मोडणीतली एखादी जोडी एका पावलाने मागे पडली, दोन घोड्यांमधलं अंतर विस्कटलं, तर ते बायकांच्या घोळक्यात आधी लक्षात येतं. पुरुष एकेका घोड्याची कंबर पाहत असतात, बायका सगळ्या घोड्यांची मिळून एक कंबर पाहतात. ढोल वाजवणारा तर तिसरंच काही पाहतो: टाप जमिनीला केव्हा लागेल ते. कारण त्याच्या मनगटाला ठोका उचलण्यापासून पडण्यापर्यंतचा वेळ ठाऊक आहे. एकच घोडा, पण ज्याचं अंग जसं राबलं तसा तो त्याला दिसतो. गावाचं पाहणं या साऱ्यांच्या बेरजेतून होतं.

आणि मुलं. घोडा निघाला की त्याच्यामागे त्यांचा एक वेगळाच तांडा निघतो. कुणी माडाचं चुडत दोन पायांत धरून टापा टाकतं, कुणी आईची ओढणी कमरेला बांधून मान उडवतं. मोठ्यांना ती नुसती नक्कल वाटते. पण तीन महिन्यांच्या बाळांवर जेसिका सॉमरविल, अमांडा वुडवर्ड आणि एमी नीडहॅम यांनी २००५ साली केलेला प्रयोग या खेळाचं मोल सांगतो. त्या वयात वस्तू पकडता येत नाही. त्यांनी बाळांना खेळणी चिकटतील असे हातमोजे घातले आणि काही मिनिटं खेळू दिलं. ज्या बाळांनी अशी खेळणी ‘पकडली’, त्यांना नंतर दुसऱ्या माणसाचा हात खेळण्याकडे गेला तेव्हा तो कशासाठी गेला हे उमगू लागलं. आधी असं न खेळलेल्या बाळांत ते दिसलं नाही. दुसऱ्याचा हेतू वाचण्याची सुरुवातच आपल्या हातांच्या धडपडीतून होत असेल, तर चुडतावर दौडणारं पोर मोडणीचा प्रेक्षक होण्याचं शिक्षण घेत आहे. त्याला बाजूला ढकलू नये.

आज घोडा पुष्कळ हिंडतो. पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा इथल्या शिगमोत्सवाच्या मिरवणुकांत चित्ररथांच्या मधून तो डांबरी रस्त्यावर नाचतो. दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती असतात, मोबाईल उंचावलेले असतात, टाळ्या पडतात. हे चांगलं आहे. त्याला बक्षीस मिळतं, नाचणाऱ्या पोरांना चार गावं दिसतात, गोवा नुसत्या किनाऱ्यापुरता नाही हे लोकांना कळतं. पण त्या गर्दीत ‘सांभाळ!’ म्हणणारं कुणी नसतं. कंबर उशिरा निघाली तरी टाळ्या तेवढ्याच, वेळेवर निघाली तरी तेवढ्याच. हळूहळू नाचणाराही कमरेपेक्षा तलवारीकडे लक्ष देऊ लागतो, कारण दिसते ती तलवार. कला बिघडते ती अशी. तिला पाहणारे संपत नाहीत, उलट वाढतात. संपतात ते अंगाने पाहणारे.

तिकडे गावातही घोडा बांधायची पाळी येणं अवघड झालं आहे. डिचोलीतल्या खाणी २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली बंद पडल्या तेव्हा कितीतरी तरुणांना कामासाठी गाव सोडून जावं लागलं. पेडण्यात मोप्याचा विमानतळ उभा राहिला, तिथल्या पाळ्यांना शिगमो ठाऊक नाही. पूर्वी चार-पाच वर्षांत गल्लीतल्या बहुतेक पोरांच्या कमरेला घोडा एकदा तरी बसे. आता तो त्याच दोघा-तिघांकडे फिरत राहतो. नाच जिवंत दिसतो, पण त्याच्याभोवतीचं कडं पातळ होतं.

मांडावरच्या मानाच्या घोड्याला रीत आहे, क्रम आहे, पथ्यं आहेत. ती मोडा असं म्हणण्याचा अधिकार बाहेरच्या कुणालाही नाही. पण बांबूच्या कामट्या स्वस्त आहेत आणि हलकं लाकूडही मिळतं. पेडणे-डिचोलीतल्या प्रत्येक शाळेत मुलांच्या मापाचे चार-सहा घोडे असावेत, आणि ते मुलींच्याही कमरेला बसावेत. लोकनृत्यावरचा धडा वाचून दाखवण्याआधी अर्धा तास घोडा बांधू द्यावा. त्यातली बहुतेक मुलं पुढे मोडणीत नाचणार नाहीत. कुणी दुकानात बसेल, कुणी विमानतळावर रात्रपाळी करेल. हरकत नाही. त्यांना नर्तक करायचंच नाही, त्यांना बघणारे करायचं आहे. शहरातल्या मिरवणुकीच्या आयोजकांनीही मार्गाच्या कडेला दोन घोडे मोकळे ठेवावेत, आणि आलेल्या पाहुण्याला दहा पावलं टाकून बघायला सांगावं. दहा पावलांत तो नाचायला शिकणार नाही, पण वजन पुढे ओढतं हे त्याच्या पाठीला कळेल, आणि मग पुढचा घोडा जाताना त्याची नजर तलवारीवरून खाली उतरेल.

नाच टिकवायचा म्हणजे नाचणारे टिकवायचे, असं आपण धरून चालतो. या घोड्याच्या सहवासात मला उलट खात्री पटली आहे. त्याची चूक जोवर कुणाच्या तरी कमरेला लागते, तोवरच त्याला नीट नाचावं लागतं. म्हणून शिगम्याचा हिशेब मांडताना किती हजार लोकांनी मोडणी पाहिली हा आकडा मागे ठेवावा. या वर्षी आणखी किती जणांनी घोडा बांधला, हे आधी विचारावं.